माझ्यावर मोडलेली काडी

मित्रांनो, नाशिकजवळ मखमलाबादला फुलांच्या मळ्यात एक पत्र्याचं घर आहे. त्या घराच्या ओट्यावर, खाटेवर, कडा उसवलेली एक काळी वस्तू पडलेली दिसते. ती मी. मी घोंगडी आहे आणि आता जुनी झाले आहे. माझ्या एका कोपऱ्याला चुलीतल्या ठिणगीने भोक पडलं आहे. मधोमध माणसं बसून बसून लोकर पातळ झाली आहे. तुमच्या घरी आता मऊ ब्लँकेटं असतात. घोंगडी टोचते, असं मुलं म्हणतात. ते खरं आहे.

माझ्या आयुष्यात मी एकच मोठी गोष्ट पाहिली. ती गोष्ट पाहिलेली काही माणसं मेली, काही गप्प बसली, आणि मला बोलता येत नाही. आता ती सांगून कुणाचा काही फायदा नाही. तरी सांगते, कारण माझ्यावर झोपणारा माणूस दिवसभर कुणाशी बोलत नाही.

सिन्नरकडच्या काळ्या मेंढ्यांची लोकर माझ्यात आहे. ती एका म्हातारीने कातली आणि तिच्या नवऱ्याने हातमागावर विणली. मग मला चिंचोक्याची खळ दिली. नवी होते तेव्हा मी इतकी ताठ होते की भिंतीला टेकवली तर उभी राहायची. विणकराने मला वणीच्या बाजारात नेलं. तिथे सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा झिपरू नावाचा माणूस आला. त्याने मला उजेडात धरलं, ओढून पाहिलं, वास घेतला.

विणकर म्हणाला, "घ्या बाबा, नातवाला पुरेल ही."

झिपरू म्हणाला, "नातवाचं माग बघू. आधी पोरीचं लगीन हाय."

त्या पाड्याची एक रीत होती. लग्नात मुलीच्या बापाने नवी घोंगडी आणायची. नवरा-नवरीने तिच्यावर बसायचं. ती घोंगडी मुलीची, ती तिच्याबरोबर सासरी जायची. पुढे दोघांचं नाहीच जमलं, तर पंचांनी त्याच घोंगडीभोवती बसायचं. ज्यावर लग्न लागलं त्यावरच ते मोडायचं. नवऱ्याने सगळ्यांसमोर नागलीची, म्हणजे नाचणीची, काडी मोडायची, एक तुकडा बायकोच्या बाजूला टाकायचा, एक आपल्या बाजूला. त्याला काडीमोड म्हणतात. काडी मोडली की दोघंही मोकळी. आणखी एक बारीकशी रीत होती. काडी मोडताना बायकोच्या माहेरच्या बायकांनी पाठ फिरवून उभं राहायचं. मोडणारा संसार डोळ्यांनी पाहिला तर तो आपल्या घरावर येतो, असं त्या मानायच्या. पुढे हीच रीत नडली.

झिपरूच्या मुलीचं नाव कुसाबाई. तिचं लग्न मोतीरामशी माझ्यावर लागलं. दोघंही लाजत होती आणि माझी लोकर टोचते म्हणून सारखी चुळबुळ करत होती. त्यावर बायका खूप हसल्या.

पहिली काही वर्षं चांगली होती. भाताची लावणी चालू असताना मोतीराम मला कुसाच्या डोक्यावर टाकायचा आणि स्वतः भिजायचा. नागली राखायला दोघं माळ्यावर बसायची तेव्हा मी दोघांना पुरायचे. मोतीराम वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल.

त्यांना मूल झालं नाही. भगत झाला, सरकारी दवाखाना झाला. मोतीरामची आई आधी कुजबुजायची, मग उघड बोलायला लागली. शेवटी एक दिवस नागली खुडून झाल्यावर पंच अंगणात आले आणि मला पसरलं. कुसा एका बाजूला बसली, मोतीराम दुसऱ्या. झिपरू खाली मान घालून होता. कुसाची आत्या भागीबाई मागे दाराशी उभी होती. पंचांनी मोतीरामच्या हातात काडी दिली तशी तिने पाठ फिरवली.

पहिली काडी ओली होती. ती मोडली नाही, नुसती वाकली. कुणीतरी म्हणालं, "वाळकी द्या रं." दुसरी काडी दिली. ती मोडली. एक तुकडा मोतीरामने आपल्याकडे टाकला. दुसरा कुसाच्या पुढ्यात पडला आणि माझ्या विणीत रुतून बसला.

म्हातारा पंच म्हणाला, "झालं. तुझी वाट तुला, तिची तिला. आता कुनी कुनाला बोल लावायचा नाय."

सगळ्यांनी कोरा चहा घेतला. कुसाने कप विसळून ठेवले, मला घडी घातली, डोक्यावर घेतलं आणि बापाबरोबर निघाली. कुणी कुठे काही लिहिलं नाही. पाड्याला लिहायची गरज नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या वर्षी मोतीरामने दुसरी बायको केली, तिलाही कुणी नावं ठेवली नाहीत.

फक्त सरकारी कागदांना काही कळलं नव्हतं. कुसाच्या आधार कार्डावर नवऱ्याचं नाव मोतीराम होतं. जंगलातल्या जमिनीच्या पट्ट्यासाठी काडीमोडीच्या आधीच अर्ज झाला होता. पट्टा आला तो नवरा-बायको दोघांच्या नावाने, मोतीराम आणि कुसाबाई. हे बदलायला कुणी गेलं नाही. सुरगाण्याला जायचं तर जीप भरेपर्यंत थांबावं लागतं. एका नावासाठी कोण जातं?

झिपरू वारल्यावर कुसा मजुरांच्या टोळीबरोबर नाशिकला आली. द्राक्षाची कामं संपली की ती फुलं तोडायची. तशी ती इथे, नाथाच्या मळ्यात आली. नाथाचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा. बहिणींची लग्नं, बापाचं आजारपण, यात त्याचं लग्न राहून गेलं होतं. घरात तो आणि त्याची आई रंगूबाई. दुपारी तो ओट्यावर बसून हार करायचा. लग्नाचे हार करण्यात त्याचा हात धरणारं तिकडे कुणी नव्हतं.

एका थंडीत पहाटे पंचवटीच्या फुलबाजाराला निघताना त्याने कुसाकडून मला मागून घेतलं. दुपारी परत दिलं तेव्हा माझ्यात झेंडूच्या पाकळ्या भरल्या होत्या.

कुसा म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू परत द्यायची तं झटकून द्यावी मानसानं."

नाथा म्हणाला, "झटकली असती तर तू बोलली असतीस का?"

ती हसली. सासर सोडल्यापासून तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

नाथाच्या घरी राहायला जायच्या आदल्या दिवशी तिने मला कालव्यावर नेऊन धुतलं. तोवर मला कुणी धुतलं नव्हतं. घोंगडी धुवत नाहीत, ऊन देतात. पण तिला सगळं स्वच्छ करून जायचं होतं. रिठे लावून ती मला दगडावर घासत होती तेव्हा विणीत रुतलेला तो नागलीच्या काडीचा तुकडा सुटला आणि पाण्यावर तरंगायला लागला. तिने तो पाहिला. ओळखलाही.

"जा बाई तू," ती म्हणाली, आणि हाताने पाणी ढकलून त्याला पुढे घालवलं.

तेव्हा मलाही हलकं वाटलं. आता वाटतं, तो तिथे राहू द्यायला हवा होता. पण त्या काडीने तरी काय सिद्ध झालं असतं, कोण जाणे.

रंगूबाई तोंडाने फटकळ होती. तिने कुसाला हाकललं नाही, पण दारातच सांगितलं, "हे बघ, तुमच्या रीतीनं आमच्यात चालत नाय, आमच्या रीतीला तुमचे लोक येनार नायत. तवा सरकारी लगीन करा, कागद आणा. लोक ठेवलेली म्हनत्यात, ते मला ऐकून घ्यावं लागतं. कागद येईस्तोवर सासू म्हनून मला आत्याबाई म्हनायचं नाय."

"मंग काय म्हनू?"

"म्हातारी म्हन."

तेव्हापासून कुसा तिला म्हातारबाई म्हणायची. "अवो म्हातारबाई, भाकर झाली." रंगूबाईला ते आवडायला लागलं होतं, पण देव्हाऱ्याला ती कुसाला हात लावू देत नसे. मकरसंक्रांतीला बायका यायच्या तेव्हा कुसा मागे मळ्यात जाऊन बसायची. मला बरोबर घेऊन जायची. बायका गेल्याचा आवाज आला की आत यायची आणि ताटं घासायची.

कुसाला एवढंच हवं होतं. नाथाची बायको म्हणून कुणीतरी शिक्का मारून द्यावा, आणि मग तिने पुढच्या दाराने घरात वावरावं.

दोघं नोंदणी कार्यालयात गेली. तिथे काय झालं ते घरी येऊन नाथाने आईला सांगितलं, तेव्हा मी खाटेवर होते. अर्जात लिहायचं होतं, आधी लग्न झालं होतं का. कुसाने सांगितलं, झालं होतं, मोडलं. साहेबाने विचारलं, घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम कुठे आहे? कुसा म्हणाली, हुकूम नाही, काडी मोडली. साहेब चांगला होता, त्याने समजावून सांगितलं. म्हणाला, तुमची काडीमोड खोटी असं मी म्हणत नाही, पण ती झाली हे मी कशावरून मानू? कोर्टातून तसं लिहून आणा.

बाहेर टपरीवर अर्ज भरून देणारा एकजण बसला होता. तो म्हणाला, "ताई, कशाला एवढं करता? अविवाहित लिहा. कोण बघायला जातंय सुरगाण्याला?"

कुसा म्हणाली, "खोटं लिहून लगीन केलं, तं तेबी खोटंच की."

नाथा हे सांगताना अभिमानाने सांगत होता. पुढे दवाखान्यात बसून तो पुष्कळदा म्हणायचा, त्या दिवशी अविवाहित लिहिलं असतं तर. पण तेव्हा तो तिच्या बाजूने होता.

मग नाशिकच्या कोर्टात दावा लावला. वकीलबाईंचं नाव प्रतिभा. पहिल्याच भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, "कुसाबाई, तुमच्या समाजात काडीमोड चालते आणि कायदा ती रीत मोडीत काढत नाही. पण दोन गोष्टी दाखवाव्या लागतील. अशी रीत आहे, आणि त्या दिवशी ती झाली. पाहिलेली माणसं कोण आहेत?"

माणसं मोजायला फार वेळ लागला नाही. म्हातारा पंच मेला होता. झिपरू मेला होता. एकजण गुजरातेत कामाला गेला तो तिकडेच राहिला. बाकीचे मोतीरामच्या भावकीतले होते. ते म्हणाले, आम्हाला कशाला कोर्टात ओढता. राहिली भागीबाई.

सगळ्यांना वाटलं होतं मोतीराम हो म्हणेल. त्याचं काय जात होतं? पण समन्स मिळाल्यावर त्याने लिहून दिलं की काडीमोड झालीच नाही, कुसाबाई आपली बायको आहे, ती घर सोडून गेली.

तारखेच्या दिवशी कुसा मला घेऊन जायची. आपली पाळी येईपर्यंत कोर्टाच्या आवारात झाडाखाली मला पसरून बसायची. निकाल लागलाच तर लगेच लग्न लावता यावं म्हणून नाथा त्या दिवशी सकाळी शेवंतीचे दोन हार करायला घ्यायचा आणि ती म्हणायची, "आज नका करू. आज नुसती तारीख हाय." एकदा मोतीराम कोर्टाच्या आवारात समोर आला. कुसाने त्याला हाक मारली.

"मोतीराम, इकडं ये. बस. ही घोंगडी वळखतोस?"

तो बसला नाही. उभाच राहिला.

"हिच्यावर काडी मोडली नव्हतीस तू?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पट्ट्यावर तुजं नाव हाय, कुसा. काडीमोड कबूल केली तं पट्टा जाईल म्हनत्यात. समदे म्हनत्यात."

"मला नको तुजा पट्टा. लिहून देते."

"तुला नको. पन सरकारला कळंल ना. मंग मी कुठं जाऊ? पोरं हायत."

"आन पोरांची आई? मी तुजी बायको हाय तं मंग ती कोन रं तुजी?"

मोतीराम पाणी प्यायला म्हणून गेला आणि परत आला नाही. पट्टा खरंच गेला असता का, हे मला माहीत नाही. प्रतिभाताई म्हणाल्या, नसता गेला. पण त्याला ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि भीती घालणारे पुष्कळ होते.

भागीबाईची साक्ष झाली त्या दिवशी मी कोर्टात आत होते, कुसाच्या हातावर घडी करून. भागीबाई सुरगाण्याहून जीपने आली होती. नवं लुगडं नेसली होती. पिंजऱ्यात उभं राहायचं म्हणून चपला काढायला लागली, तेव्हा शिपाई म्हणाला, "राहू द्या आजी."

मोतीरामच्या वकिलाने आवाज चढवला नाही. तो अगदी नीट बोलत होता.

"आजी, काडी मोडली तेव्हा तुम्ही तिथे होता?"

"व्हते की. दाराशी."

"काडी मोडताना डोळ्यांनी पाहिली?"

मी घडीत आवळले गेले, कारण कुसाने हात घट्ट केला होता.

"नाय. पाठ केली व्हती."

"का?"

"आमची रीत हाय. म्हायेरच्या बायकांनी बघायचं नसतं."

"मग मोडली हे कशावरून सांगता?"

"ऐकलं ना. कट् झालं."

"नागलीच्या काडीचा आवाज? दारापर्यंत?"

"समदे गप व्हते, दादा. अशा टायमाला लई आवाज येतो."

मागे बसलेलं कुणीतरी हसलं. वकील हसला नाही. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही काहीच पाहिलेलं नाही?"

"पयली काडी वाकली, दुसरी मोडली. तसं बोलत व्हते पंच."

"तेही ऐकलंत."

"व्हय. ऐकलं."

मित्रांनो, त्या वेळी मी त्या खोलीत होते. माझ्यावर ती काडी पडली होती. ओली काडी कशी वाकली, वाळकी कशी मोडली, तुकडा माझ्या विणीत कसा रुतला, सगळं मी खालून पाहिलं होतं. घोंगडीला कुणी काही विचारत नाही. विचारलं असतं तरी मी काय करणार होते?

बाहेर आल्यावर भागीबाई झाडाखाली माझ्यावर बसली आणि कपाळ धरलं. "बघितलं, एवढंच म्हनायचं व्हतं काय गं मी? एका शब्दानं झालं असतं?"

कुसा म्हणाली, "तू खोटं कशाला बोलशील आत्या. तू रीत पाळून पाठ केली व्हतीस. मला म्हाईत हाय ना."

मग तिने तिला वडापाव खाऊ घातला आणि जीपला बसवून दिलं.

पुढे तारखा पडत राहिल्या. कधी मोतीराम आला नाही, कधी त्याचा वकील, कधी साहेबांची बदली. त्यातच कुसाचं पोट दुखायला लागलं. आधी तिने कुणाला सांगितलं नाही. फुलं तोडता तोडता ती वाकून बसायची आणि उठायला वेळ लावायची. नाथाने जबरदस्तीने दवाखान्यात नेलं, तोवर गाठ मोठी झाली होती. मोठ्या दवाखान्यात ठेवलं. तिला थंडी वाजायची. दवाखान्याची चादर तिला पुरेना, म्हणून नाथाने मला नेलं. नर्स म्हणाली, ही टोचेल त्यांना. कुसा म्हणाली, "टोचू दे. सवय हाय."

ती माझ्याखाली फार हलकी झाली होती. मोतीरामच्या माळ्यावर मी तिच्यावर असायचे तेव्हा ती अंगाने भरलेली होती, कुशीवर वळली की मला ओढून न्यायची. आता ती वळतच नव्हती.

नाथा रोज यायचा. ती रोज तेच विचारायची. "अवो, कागद आला का?"

"येईल. पुढच्या तारखेला निकाल आहे म्हनल्या वकीलबाई."

"माझ्या आधी येईल ना?"

"असं काय बोलतेस?"

"ठेवलेली म्हनून जायचं नाय मला. बाकी काय नाय."

एक दिवस रंगूबाई डबा घेऊन आली. तिने कुसाच्या तोंडात पेजेचे दोन चमचे घातले आणि माझ्या कडेने तिचं तोंड पुसलं. कुसा म्हणाली, "म्हातारबाई, मीठ कमी हाय." रंगूबाई म्हणाली, "घरी ये, मंग तूच घाल."

ती घरी आली नाही. निकालाची तारीख यायच्या आधी, एका दुपारी, नाथा बाहेर औषध आणायला गेला असताना ती गेली. तिच्या अंगावर मी होते. मला कळलं, कारण तिच्या श्वासाबरोबर मी खाली-वर होत होते, ते थांबलं.

नंतर तिला ताब्यात घ्यायचे कागद करायला नाथा दवाखान्याच्या खिडकीवर उभा राहिला. मी त्याच्या खांद्यावर होते. तिथल्या माणसाने विचारलं, "तुम्ही कोण?"

"नवरा."

त्याने आधार कार्ड पाहिलं. "इथं मोतीराम आहे."

नाथाने सगळं सांगितलं. काडी, कोर्ट, तारीख. तो माणूस ऐकत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "दादा, मला समजतंय. पण कोर्टात वाद चालू आहे म्हणता ना? मग मी तुमच्या ताब्यात देऊ शकत नाही. कार्डावरचा माणूस येऊन सही करू दे. नाहीतर मी अडकेन."

"तिचं माझ्यासंग एवढं आयुष्य गेलं."

"पुरावा काय आहे?"

नाथाकडे मी होते. दुसरं काही नव्हतं.

मोतीरामला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी जीपने आला, बरोबर भागीबाई. तोवर कुसा आत थंड खोलीत एकटी होती. मला तिथे नेऊ दिलं नाही. नाथा बाहेर बाकावर माझ्यात तोंड घालून बसला होता.

मोतीराम खिडकीपाशी गेला. त्या माणसाने बोट ठेवून दाखवलं, इथे सही. नातं, पती. मोतीरामने पेन हातात धरलं आणि तो तसाच उभा राहिला. मग वळून नाथाजवळ आला.

"मी मोडली व्हती काडी," तो म्हणाला. "तुला सांगतो. मोडली व्हती."

नाथा म्हणाला, "मला काय सांगतोस? मला म्हाईत हाय."

"पट्ट्याची भीती घातली रं मला."

"कोर्टात सांगायचं होतंस. ती वाट बघत होती."

"आता सांगू? आता जातो, सांगतो."

"आता सही कर," नाथा म्हणाला. "ती थंडीत पडलीय आत."

मोतीरामने सही केली. पती म्हणून केली, कारण तशी केल्याशिवाय तिला बाहेर आणता येत नव्हतं. ज्या हाताने काडी मोडली त्याच हाताने. भागीबाई शेजारी उभी होती. या वेळी तिने पाठ फिरवली नाही. टक लावून बघत राहिली.

अमरधामला अग्नी नाथाने दिला. मोतीराम स्वतःच मागे सरला. नाथाने शेवंतीचे दोन हार केले होते. एक तिच्या गळ्यात घातला. दुसऱ्याचं काय केलं ते मला माहीत नाही, मी गाडीत होते. पावतीवर मात्र मोतीरामचं नाव आहे. मृत्यूच्या दाखल्यावरही तेच आलं. मृत कुसाबाई, पतीचे नाव मोतीराम. शिक्का मारलेला कागद. तिला आयुष्यभर हवा होता तसाच, फक्त नाव दुसऱ्याचं.

निकालाच्या तारखेला नाथा एकटा कोर्टात गेला. प्रतिभाताईंनी त्याला बाकावर बसवलं आणि सांगितलं की जिने मागितलं तीच नाही, त्यामुळे दावा संपला. नाथाने विचारलं, मी चालवू का पुढे? त्या म्हणाल्या, "वारसाला चालवता आला असता का, ते पाहता आलं असतं. पण वारस कोण, याचाच तर दावा होता, नाथाभाऊ." असं त्याने घरी येऊन आईला सांगितलं. मग तो ओट्यावर आला आणि माझ्यावर आडवा झाला.

मित्रांनो, मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. दहाव्याला ते गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडतात किंवा कुणाला देऊन टाकतात. दहाव्याच्या सकाळी रंगूबाईने मला घडी घालायला घेतलं. नाथाने दुसरं टोक धरलं.

"सोड रे. ही ठेवायची नसती," ती म्हणाली. "सुनेचं अंथरूण हाय. नवऱ्यानं तर मुळीच ठेवायचं नसतं."

नाथाने तिच्याकडे पाहिलं. "सून म्हनालीस."

रंगूबाईच्या तोंडातून ते निघून गेलं होतं.

"आता म्हनालीस, आई. आणि नवरा कोण? सरकारला विचार. दाखल्यावर बघ. मी तिचा कुणी नाय. मग मला कसली रीत आणि कसला नियम? ज्याला नियम लागू हाय तो सुरगाण्याला हाय. त्याला सांग घोंगडी सोडायला."

बराच वेळ दोघांनी मला दोन बाजूंनी धरून ठेवलं होतं. मग रंगूबाईने आपलं टोक सोडलं. आत गेली, देव्हाऱ्यापुढे बसली आणि मोठ्याने रडली. कुसासाठी ती पहिल्यांदा रडली, आणि ते ऐकायला कुसा नव्हती.

तेव्हापासून मी या खाटेवर आहे. नाथा माझ्यावर झोपतो. हार करत नाही. मळा वाट्याने लावून दिला आहे. अंगणात माणसं लग्नाच्या हारांची चौकशी करायला येतात, त्यांना रंगूबाई परत पाठवते.

मित्रांनो, मी घोंगडी, मी तुम्हाला काय शिकवणार. पण तुमच्या गावात, तुमच्या पाड्यावर अशी काडी मोडली जाईल त्या दिवशी तिथे उभे राहा, आणि पाठ फिरवू नका. कितीही वाईट वाटलं तरी बघा. मग दोघांची नावं, पंचांची नावं आणि तुमचं नाव कागदावर लिहा, सह्या घ्या, आणि तो कागद बाईच्या हातात द्या. बाई जिवंत असताना द्या. आणि एखादी बाई कुणाच्या घरात राबत असेल, तर तिला सून म्हणायला कागदाची वाट बघू नका.

माझ्यासाठी फार काही नको. अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा. धुऊ मात्र नका. मला एकदाच धुतलं होतं, तेवढं पुरे.